संगणक-शंका : लॅपटॉपसोबत आलेला मदतनीस आणि त्याच्यातली भोकं

या अंकात एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. लॅपटॉपसोबत कंपनीकडूनच येणारी ‘सपोर्ट’ आणि ‘अपडेट’ची सॉफ्टवेअर्स आणि त्यांच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी हा तो विषय. सर्वांत जास्त पत्रं डेलच्या एका ड्रायव्हरबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथून.

आमच्या शाळेत डेलचे बारा लॅपटॉप आहेत, २०१७–१८ मध्ये घेतलेले. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, यात ‘डीबीयूटिल’ नावाचा व्हायरस आहे, सगळे फॉरमॅट करावे लागतील. प्रत्येकी वेगळा खर्च सांगतोय. खरंच एवढं करायला हवं का?
— मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

नाही. तो व्हायरस नाही आणि त्याच्यासाठी फॉरमॅट करायचं कारण नाही. अर्थात फाईल तशीच पडू देणंही बरोबर नाही.

‘डीबीयूटिल_२_३.सिस’ हा डेलचाच, डेलच्याच डिजिटल सहीचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, आहे. बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), थंडरबोल्ट, टीपीएम चिप किंवा डॉक यांचं फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं तर थेट हार्डवेअरला हात घालावा लागतो, आणि विंडोज साध्या प्रोग्रॅमला ते करू देत नाही. म्हणून अपडेटचं पॅकेज चालू झालं की ते हा ड्रायव्हर तात्पुरत्या फाईलींच्या टेंप फोल्डरमध्ये उतरवतं, विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) चढवतं, काम उरकतं आणि फाईल तिथेच टाकून निघून जातं. डेल कमांड अपडेट, डेल अपडेट, एलियनवेअर अपडेट, डेल सिस्टिम इन्व्हेंटरी एजंट आणि डेल प्लॅटफॉर्म टॅग्ज ही सॉफ्टवेअर्सही तो बसवत. याचाच अर्थ असा की खोक्यातून काढलेल्या लॅपटॉपमध्ये तो नसेलही, आणि पहिल्याच बायॉस अपडेटनंतर आलेला असेल.

हा ड्रायव्हर २००९ पासून वाटला जात होता. सेंटिनेललॅब्ज या सुरक्षा-संशोधन संस्थेच्या कासिफ डेकेल या संशोधकाने त्यातल्या त्रुटी शोधल्या. डेलला १ डिसेंबर २०२० रोजी कळवण्यात आलं आणि ४ मे २०२१ रोजी डेलने ‘डीएसए-२०२१-०८८’ ही सूचना प्रसिद्ध केली. त्रुटी एकूण पाच होत्या. दोन मेमरी करप्शनच्या (मेमरीत नको तिथे लिहिलं जाण्याच्या), दोन आलेली माहिती न तपासण्याच्या आणि एक यंत्र बंद पाडू शकणारी. पाचही मिळून सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींना दिला जाणारा ओळख-क्रमांक) एकच, सीव्हीई-२०२१-२१५५१. तीव्रता १० पैकी ८.८.

मग भीती किती बाळगायची? या त्रुटीचा फायदा इंटरनेटवरून परस्पर घेता येत नाही. हल्लेखोराचा काहीतरी प्रोग्रॅम आधीच त्या लॅपटॉपवर चालू असावा लागतो, भले अगदी साध्या, मर्यादित खात्यातून का होईना. घरी एकट्याने वापरायच्या यंत्रात म्हणून धोका मध्यम. तुमच्याकडे मात्र मुलांना मर्यादित खातं आणि शिक्षकांना ॲडमिन खातं अशी विभागणी असणार. नेमकी तीच विभागणी हा ड्रायव्हर निकामी करतो. पेन ड्राइव्हवरून मुलाच्या खात्यात चाललेला एखादा प्रोग्रॅम अख्ख्या यंत्राचा ताबा घेऊ शकतो.

काढायची रीत पुढच्या उत्तरात आहे. एका लॅपटॉपला फार तर पंधरा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

डीबीयूटिल स्वतः काढायचा असेल तर नेमकं काय करायचं? मी फाईल डिलीट केली होती, महिन्याभराने पुन्हा दिसली.
— लेखापाल, इचलकरंजी

पुन्हा दिसली याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. जुनं अपडेट पॅकेज. डाउनलोड्समध्ये किंवा तंत्रज्ञाच्या पेन ड्राइव्हवर २०२१ आधीची बायॉस अपडेटची फाईल पडलेली असते. ती चालवली की ती आपला जुना ड्रायव्हर पुन्हा टेंपमध्ये उतरवते. तुमच्या यंत्रात डेल अपडेटची जुनी आवृत्ती असेल तर तीही हेच करेल. म्हणून फाईल पुसणं हे अर्धंच काम आहे.

सर्वांत सोपा मार्ग डेलचंच साधन. डेलच्या सपोर्ट संकेतस्थळावर सर्व्हिस टॅग टाका (लॅपटॉपच्या बुडाशी चिकटवलेला सात अक्षर-अंकांचा) आणि ‘डीएसए-२०२१-०८८’च्या सूचनेतला ड्रायव्हर काढण्याचा प्रोग्रॅम उतरवून ॲडमिन खात्यातून चालवा. तो ही फाईल शोधतो आणि काढतो.

हाताने करायचं असेल तर जागा दोन आहेत. पहिली सी ड्राइव्हवर विंडोजच्या आतलं टेंप फोल्डर. दुसरी प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात टेंप. ॲपडेटा लपवलेलं असतं. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’वर खूण केल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या जागेपाशी बहुतेकांची गफलत होते. ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर चार जणांची लॉगिन असतील तर टेंपही चार असतात, आणि आपण तपासतो फक्त आपलं. यूझर्स फोल्डर उघडून प्रत्येकाच्या नावाखाली शिरून बघा.

फाईल सापडली की शिफ्ट दाबून धरून डिलीट करा, म्हणजे ती रीसायकल बिनमध्ये जाणार नाही. मग रीस्टार्ट करा, आणि ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’च. कर्नलमध्ये चढलेला ड्रायव्हर फाईल पुसली तरी मेमरीत राहतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. ‘फाईल वापरात आहे’ असं सांगून विंडोज अडवत असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन काढा.

यानंतर उरलेलं अर्धं काम. डेलची अपडेटची सॉफ्टवेअर्स ताज्या आवृत्तीवर आणा, आणि जुन्या बायॉस पॅकेजेसच्या फाईली जिथे जिथे साठवल्या असतील तिथून उडवा. दुरुस्तीवाल्यांना हे आवडणार नाही, कारण त्यांचा अर्धा पेन ड्राइव्ह त्यानेच भरलेला असतो. पण बायॉसची फाईल ही साठवून ठेवायची वस्तूच नाही. लागेल तेव्हा सर्व्हिस टॅग टाकून ताजी उतरवावी.

मी हे सगळं मे २०२१ मध्येच केलं होतं. आता पुन्हा काही करायचं आहे का?
— बँक कर्मचारी, ठाणे

एकदा बघून घ्या. जुन्याच्या जागी डेलने ‘डीबीयूटिलड्रव्ह२.सिस’ हा नवा ड्रायव्हर आणला. त्याच्या २.५ आणि २.६ या आवृत्त्यांतही प्रवेश-नियंत्रणाची त्रुटी निघाली (सीव्हीई-२०२१-३६२७६, सूचना डीएसए-२०२१-१५२). दुरुस्त आवृत्ती २.७. फाईल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स या फोल्डरात सापडेल. तिच्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, फाईल व्हर्जन. २.७ पेक्षा कमी दिसलं तर डेलच्या अपडेट साधनाने अद्ययावत करा.

‘मेमरी करप्शन’ म्हणजे बफर ओव्हरफ्लो एवढंच आम्हाला शिकवलं आहे. डीबीयूटिलमध्ये तर कुठलं बफर भरून वाहत असल्याचं वाचनात आलं नाही. मग त्याला मेमरी करप्शन का म्हणायचं?
— संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पिंपरी

प्रश्न नेमका आहे. मेमरी करप्शन हे मोठं कुटुंब आहे, बफर ओव्हरफ्लो, म्हणजे माहितीसाठी राखलेली जागा (बफर) भरून पलीकडे वाहणं, हा त्यातला एक सदस्य. प्रोग्रॅमच्या लेखकाला अपेक्षित नसलेल्या जागी काही लिहिलं गेलं की मेमरी ‘करप्ट’ झाली. बफर काठोकाठ भरून पलीकडे सांडलं काय किंवा थेट पलीकडचाच पत्ता देऊन लिहिलं काय, फरक मार्गाचा आहे.

डीबीयूटिलमधला प्रकार दुसरा. विंडोजमध्ये साधा प्रोग्रॅम ड्रायव्हरशी बोलतो तो आयओसीटीएल विनंतीच्या मार्गाने. एक क्रमांक, सोबत एक इनपुट बफर. क्रमांक बघून ड्रायव्हर ठरवतो की काय करायचं. डीबीयूटिलमधल्या एका क्रमांकाचं काम होतं मेममूव्ह, म्हणजे इथून तिथे इतके बाइट हलव. ‘कुठून’, ‘कुठे’ आणि ‘किती’ हे सगळं विनंती करणाऱ्याने पाठवलेल्या बफरमधूनच उचललं जात होतं. तो पत्ता विनंती करणाऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतला आहे की कर्नलच्या, हे ड्रायव्हर बघत नव्हता. परिभाषेत याला ‘राइट-व्हॉट-व्हेअर’ म्हणतात. हवं ते, हव्या त्या जागी लिहा. वाचण्यासाठीही असाच एक क्रमांक होता.

त्यात दुसरी चूक मिसळली, आणि आमच्या मते खरी अक्षम्य तीच. ड्रायव्हरने उघडलेल्या डिव्हाइसवर प्रवेशाची कुठलीही यादी लावलेली नव्हती. कुठल्याही खात्यातला कुठलाही प्रोग्रॅम ते डिव्हाइस उघडून विनंती पाठवू शकत होता. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या आहेत आणि गेटवर कुणीही येऊन मागितली की तो नाव न विचारता काढून देतो, असा तो कारभार.

याचा उपयोग हल्लेखोर कसा करतो? कर्नलच्या मेमरीत प्रत्येक प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचं, टोकन असतं. या प्रोसेसला कोणते अधिकार आहेत याची ती नोंद. त्यात ‘प्रेझेंट’ आणि ‘एनेबल्ड’ अशी दोन ६४ बिटांची घरं असतात. एकेक बिट म्हणजे एकेक अधिकार. आपल्याच प्रोसेसच्या टोकनातली ही दोन घरं भरून टाकली की साध्या खात्यातला प्रोग्रॅम इतरांच्या प्रोसेसमध्ये शिरण्याइतका अधिकारी होतो. लिहायचे बाइट किती? सोळा. ना क्रॅश, ना निळा पडदा. ओव्हरफ्लोमध्ये आजूबाजूचं काहीतरी मोडतं आणि त्याचा माग राहतो. इथे नेमकी सोळा बाइट बदलतात आणि यंत्र शांतपणे चालत राहतं. म्हणून आम्ही या प्रकाराला ओव्हरफ्लोपेक्षा वाईट समजतो.

मुलाखतीत कुणी विचारलं की ‘फक्त लोकल त्रुटी असूनही ८.८ कशी?’ तर उत्तर गुणांकनाच्या घटकांत आहे. अवघडपणा कमी, लागणारे अधिकार कमी, दुसऱ्या कुणी क्लिक करण्याची गरज नाही, आणि ‘स्कोप’ बदलतो, म्हणजे घाव त्रुटी असलेल्या घटकापुरता न राहता त्याच्या बाहेर जातो.

मग शास्त्रशुद्ध बफर ओव्हरफ्लोचं उदाहरण अशा सॉफ्टवेअरमध्ये आहे का?
— तोच विद्यार्थी, दुसऱ्या पत्रात

आहे, आणि ते कदाचित तुमच्या जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातही असेल. ‘एसएसपोर्ट.सिस’ हा प्रिंटरसोबत येणारा ड्रायव्हर. २००५ पासून एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरांसोबत वाटला गेला. एचपी व सॅमसंगची ३८० हून अधिक मॉडेल यात येतात, शिवाय झेरॉक्सची काही. त्रुटी सीव्हीई-२०२१-३४३८, तीव्रता इथेही ८.८, शोधणारी संस्था पुन्हा सेंटिनेललॅब्जच. जुलै २०२१ मध्ये तपशील बाहेर आले.

इथली गंमत बघा. स्ट्रकॉपी हे फंक्शन धोकादायक, लांबीची मर्यादा घालणारं स्ट्रएनकॉपी वापरा, असं पहिल्याच वर्षी शिकवतात. या ड्रायव्हरच्या लेखकाने स्ट्रएनकॉपीच वापरलं होतं. फक्त मर्यादेचा आकडा त्याने विनंती करणाऱ्याकडूनच घेतला. समोरच्याने मोठा आकडा पाठवला की ड्रायव्हरचं बफर भरून पलीकडे वाहणार. सुरक्षित फंक्शन वापरलं म्हणजे कोड सुरक्षित झाला, असं मानणाऱ्यांना दाखवायला याहून चांगला नमुना नाही.

दुकानदारांसाठी: सॅमसंगचा प्रिंटर भंगारात देऊन झाला असला तरी हा ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये राहतो आणि दर सुरुवातीला चढतो. सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात ‘एसएसपोर्ट’ शोधा. प्रिंटर वापरात असेल तर एचपीच्या संकेतस्थळावरून दुरुस्त ड्रायव्हर घ्या. सॅमसंगचा प्रिंटर व्यवसाय २०१७ मध्ये एचपीकडे गेला, त्यामुळे सॅमसंगच्या प्रिंटरचेही ड्रायव्हर तिथेच. वापरात नसेल तर प्रिंटरचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा.

माझ्याकडे पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस आहे. त्याने डीबीयूटिलबद्दल एक शब्द काढला नाही. असं कसं?
— औषध विक्रेते, नांदेड

कारण फाईलवर डेलची खरी सही आहे. नामांकित कंपनीचा, लाखो यंत्रांवर कामाला लागणारा ड्रायव्हर अँटिव्हायरसने उडवायला सुरुवात केली तर बायॉस अपडेट अर्ध्यात अडकतील आणि यंत्रं मरतील. म्हणून अशा फाईलींच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर्स हात आखडता घेतात.

हल्लेखोरांना हे पक्कं ठाऊक आहे. ईसेट या कंपनीने ३० सप्टेंबर २०२२ रोजी एक प्रकरण उघड केलं. उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस गटाने २०२१ च्या शरद ऋतूत नेदरलँड्समधल्या एका विमान-अवकाश कंपनीचा कर्मचारी आणि बेल्जियममधला एक राजकीय पत्रकार यांना ॲमेझॉनच्या नावाची कागदपत्रं पाठवली. ती उघडल्यावर जे आत शिरलं त्याने पुढे डेलचा हाच ड्रायव्हर सोबत आणून बसवला. मग त्याच्या मार्गाने कर्नलमध्ये लिहून विंडोजच्या पाळतीच्या सात यंत्रणा बंद केल्या. रजिस्ट्री, फाईली, नव्या प्रोसेस यांवर लक्ष ठेवणाऱ्या. अँटिव्हायरस चालूच राहतो, त्याला दिसत मात्र काही नाही. या त्रुटीचा प्रत्यक्ष हल्ल्यातला हा पहिला नोंदलेला वापर.

बारकाईने वाचा: ड्रायव्हर त्यांनी *सोबत आणला*. म्हणजे तुमच्या यंत्रातून तुम्ही तो काढलात, इतकंच काय तुमचा लॅपटॉप डेलचा नसला, तरी हा मार्ग बंद होत नाही. ड्रायव्हर बसवायला ॲडमिन अधिकार लागतात, म्हणून पहिला उपाय म्हणजे रोजचं काम साध्या खात्यातून करणं. दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर ॲडमिनमधूनच चालतं अशी सबब बहुतेक जण देतात. आधी करून तर बघा, बहुतेक सॉफ्टवेअर्स साध्या खात्यातही चालतात.

दुसरा उपाय विंडोजमध्येच आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स. तिथे ‘मेमरी इंटेग्रिटी’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट’ अशी दोन बटणं असतात. पहिलं बटण कर्नलमधल्या कोडची राखण करतं. दुसरं म्हणजे बदनाम ड्रायव्हरांची यादी, त्यातले ड्रायव्हर विंडोज चढू देत नाही. विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ती आपोआप चालू असते. मेमरी इंटेग्रिटी मात्र स्वतः तपासा. जुना एखादा ड्रायव्हर आड येत असेल तर ती चालू होत नाही आणि खाली त्या ड्रायव्हरचं नाव दिसतं. बहुतेक वेळा तो जुन्या प्रिंटरचा, डोंगलचा नाही तर फिंगरप्रिंट यंत्राचा निघतो. तो काढा, मग बटण चालू करा. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर यंत्र थोडं मंदावेल, कारण या कामासाठी लागणारी हार्डवेअरची मदत त्यांच्यात नाही.

विंडोज १० वापरत असाल तर हेही लक्षात घ्या की मायक्रोसॉफ्टकडून त्याला मिळणारा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

डेलच्या बायॉसमध्ये ‘बायॉसकनेक्ट’ असा पर्याय दिसतो. त्यातही भोक आहे म्हणतात. बंद करू की बायॉस अपडेट करू? अपडेट करताना लॅपटॉप मेला तर?
— पर्यटन व्यावसायिक, मडगाव

बायॉसकनेक्ट हा सपोर्टअसिस्टचाच, म्हणजे डेलच्या मदतनीस सॉफ्टवेअरचाच, भाग. विंडोज चालू व्हायच्या आधीच बायॉस इंटरनेटला जोडला जातो आणि नवं फर्मवेअर किंवा विंडोज दुरुस्त करायची फाईल उतरवतो. कल्पना उपयोगी होती, अंमल ढिसाळ. इक्लिप्सियम या कंपनीने २४ जून २०२१ रोजी त्यातल्या चार त्रुटी जाहीर केल्या. १२९ मॉडेल, त्यांच्या अंदाजाने सुमारे ३ कोटी यंत्रं. पहिली त्रुटी अशी की डेलच्या सर्व्हरशी बोलताना समोरचं प्रमाणपत्र डेलचंच आहे का हे न बघता कुठलंही वैध वाइल्डकार्ड प्रमाणपत्र (एका नावाखालच्या सगळ्या संकेतस्थळांना चालणारं) मान्य व्हायचं. म्हणजे तुमच्या हॉटेलच्या वायफायमध्ये मध्येच बसलेला माणूस ‘मीच डेल’ म्हणू शकत होता. उरलेल्या तीन ओव्हरफ्लोच्या. खोट्या डेलने बनवून पाठवलेला मजकूर बायॉसच्या मेमरीत बफरबाहेर सांडणार आणि विंडोज जागं होण्याआधीच परका कोड चालणार. चारही साखळीत जोडल्या तर तीव्रता ८.३.

तीनपैकी दोन ओव्हरफ्लो डेलने २८ मे २०२१ रोजी आपल्या सर्व्हरवरच दुरुस्त केले. उरलेला एक आणि प्रमाणपत्राची त्रुटी यांना बायॉस अपडेटशिवाय इलाज नाही. तेव्हा आमचं मत: अपडेट करा, *आणि* बायॉसकनेक्ट बंदही ठेवा. ज्याची वर्षातून एकदाही गरज पडत नाही ते उघडं का ठेवायचं? सुरू होताना एफ२ दाबा, ‘अपडेट, रिकव्हरी’मध्ये बायॉसकनेक्ट बंद करा. जुन्या मांडणीच्या बायॉसमध्ये तेच ‘सपोर्टअसिस्ट सिस्टिम रिझोल्यूशन’खाली सापडतं.

लॅपटॉप मरण्याची भीती अगदीच निराधार नाही, पण कारणं ठरलेली आहेत आणि टाळता येतात. चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही किमान १० टक्के. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका, पावसाळ्यात तर नाहीच. त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. तो चालू असताना बायॉस बदलला तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती सापडली नाही तर डेटा गेला म्हणून समजा. म्हणून कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. डिक्रिप्ट नव्हे, सस्पेंड. की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती आधी कागदावर उतरवून घ्या. अपडेट चालू असताना पडदा काळा होतो, पंखा जोरात फिरतो, यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं. बहुतेक लॅपटॉप मरतात ते नेमके इथे, ‘अडकला वाटतं’ म्हणून कुणीतरी पॉवर बटण दाबून धरतं तेव्हा. अर्धा तास हात लावू नका.

लॅमिंग्टन रोडवरून एक जुना लॅपटॉप घेतला. विंडोज संपूर्ण नव्याने टाकलं तरी कंपनीचं सॉफ्टवेअर परत येतं. हे भूत आहे का?
— चित्रकार, गिरगाव

भूत बायॉसमध्ये आहे, आणि त्याला मायक्रोसॉफ्टची परवानगी आहे. विंडोज ८ पासून बायॉस एक छोटा प्रोग्रॅम मेमरीतल्या ठरावीक तक्त्यात ठेवू शकतो. तक्त्याचं नाव विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल. विंडोज सुरू होताना तो प्रोग्रॅम सिस्टम३२ मध्ये ‘डब्ल्यूपीबीबिन’ नावाने उतरवून चालवतं. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणारं सॉफ्टवेअर फॉरमॅटनंतरही टिकावं, हा मूळ हेतू. ही फाईल तुमच्याकडे असेल तर उत्तर मिळालं.

याचा गाजलेला किस्सा लेनोवोचा. ‘लेनोवो सर्व्हिस इंजिन’ नावाचा असाच प्रोग्रॅम काही घरगुती मॉडेलांच्या बायॉसमध्ये होता. लॅपटॉपवर तो ‘वनकी ऑप्टिमायझर’ उतरवत असे. २०१५ मध्ये त्याच्यात बफर ओव्हरफ्लोसकट त्रुटी सापडल्या, आणि ३१ जुलै २०१५ रोजी लेनोवोने तो बंद करणारा बायॉस आणला. थिंकपॅड मालिका त्यातून सुटली. जुना लॅपटॉप घेताना म्हणूनच आम्ही सांगतो, आधी बायॉस, मग विंडोज. उलट्या क्रमाने केलं तर स्वच्छ विंडोजमध्ये जुनं भोक पहिल्याच सुरुवातीला येऊन बसतं. सध्याचा बायॉस कोणता हे ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये तारखेसकट दिसतं. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तारखेशी ताडून बघा.

लिनक्स टाकलंत तर या तक्त्याचा आणि डीबीयूटिलचाही प्रश्न उरत नाही, दोन्ही विंडोजपुरतेच. बायॉसमधल्या त्रुटी मात्र तशाच राहतात.

सपोर्टअसिस्ट काढून टाकलं तर वॉरंटी जाते का? आणि काढावं की ठेवावं?
— निवृत्त अभियंता, कोथरूड

वॉरंटी सर्व्हिस टॅगवर चालते, सॉफ्टवेअरवर नाही.

काढावं की ठेवावं यावर आमच्यातच दोन मतं आहेत. ठेवू नये म्हणणाऱ्यांकडे पुरावा भरपूर. एप्रिल २०१९ मध्ये बिल डेमिरकापी या १७ वर्षांच्या मुलाने दाखवून दिलं की त्याच नेटवर्कवरचा हल्लेखोर सपोर्टअसिस्टच्या मार्गाने लॅपटॉपवर आपला प्रोग्रॅम चालवू शकतो (३.२.०.९० च्या आधीच्या आवृत्त्या). दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, त्यातल्या पीसी-डॉक्टर या दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या भागात आणखी एक त्रुटी निघाली. या दोन्हींत मेमरी करप्शन नव्हतं, विश्वास चुकीच्या जागी ठेवला होता. आणि हे एकट्या डेलचं नाही. २०१६ मध्ये ड्युओ लॅब्ज या सुरक्षा-संशोधकांच्या गटाने एसर, आसुस, डेल, एचपी आणि लेनोवो या पाचही कंपन्यांची आधीच घालून दिलेली अपडेट-साधनं तपासली. प्रत्येकात किमान एक गंभीर त्रुटी सापडली, एकूण बारा.

ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा एवढाच की ते काढलं तर बायॉसचे अपडेट कोण आठवणीने करणार? आता बरेच बायॉस अपडेट विंडोज अपडेटमधूनही येतात, तरी सगळे नाही. तडजोड अशी: अपडेटचं एकच साधन ठेवा, ते ताजं ठेवा, बाकीची सगळी काढा. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या यंत्रांत डेल अपडेट, डेल कमांड अपडेट आणि सपोर्टअसिस्ट अशी तीन-तीन एकदम नांदत असतात. सर्वांनाच ॲडमिनचे अधिकार, आणि वापरतो कोण? कुणीच नाही. दर तीन महिन्यांनी स्वतः सर्व्हिस टॅग टाकून तपासण्याची शिस्त असेल तर तेही एक काढा.

‘कंपनीतून बोलतोय, तुमच्या लॅपटॉपच्या सपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडली आहे’ असा फोन आला. त्याने माझा सर्व्हिस टॅग बरोबर सांगितला. खरा असेल का?
— गृहिणी, नागपूर

फोन ठेवा. त्रुटी खऱ्या असतात, फोन खोटे असतात. डेल किंवा दुसरी कुठलीही कंपनी अशा त्रुटीसाठी एकेका ग्राहकाला स्वतःहून फोन करत नाही. सूचना संकेतस्थळावर येते, आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी सायबर-सुरक्षा संस्थाही गंभीर त्रुटींच्या सूचना काढते. सर्व्हिस टॅग बरोबर सांगितला याने काहीच सिद्ध होत नाही. तो लॅपटॉपच्या बुडाशी, बिलावर, खोक्यावर, दुरुस्तीच्या पावतीवर छापलेला असतो.

त्याने सांगितलेलं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुरून तुमचं यंत्र चालवू देणारी सॉफ्टवेअर्स) बसवलं असेल तर लगेच वायफाय बंद करा, ते अनइन्स्टॉल करा आणि बँकेचे पासवर्ड *दुसऱ्या* यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. बँकेत जाऊन अर्ज लिहिणं त्यानंतर.